सदतीस नंबरची टाच

मी उभी पडले, तिथेच सगळा घोळ झाला. आडवी पडले असते तर चार जणी धावत आल्या असत्या, कुणी पाणी आणलं असतं, कुणी मानेखाली हात घातला असता. पण टेबल, टेबलावर स्टूल आणि स्टुलावर मी, अशी चळत करून वरच्या फळीवरची दोऱ्याची रिळं काढत असताना स्टूल सरकलं, आणि मी सरळ दोन्ही पायांवर खाली आले, मांजरासारखी, हातातली रिळं न सांडता. कारखान्यात टाळ्या पडल्या. शिलाईच्या बाया मशीन थांबवून टाळ्या वाजवत होत्या, आणि कापणीचे मास्तर चाकू हातात धरून म्हणाले, "वा, सदतीस! सर्कशीत नाव घाल." मीही हसले. लोक पाया पडतात, मी पायावर पडले, असा एक विनोदसुद्धा जिभेवर तयार होता. तो बाहेर पडायच्या आत उजव्या टाचेतून काहीतरी वर चढलं, पोटरीतून, गुडघ्यातून, थेट दाढांपर्यंत. आणि मला उशिरा कळलं की पडताना एक आवाज झाला होता. बाहेर नाही, आत. कच्च्या लाकडाच्या टाचेत खिळा तिरका गेला की होतो तसा. तो आवाज मी बावीस वर्षं ऐकत आलेय. तो झाला की मास्तर ती टाच सरळ कचऱ्याच्या पेटीत टाकतात, दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाहीत.

सदतीस हे माझं नाव नाही, नंबर आहे. आमचा बायकांच्या बुटांचा कारखाना. नवा नमुना तयार झाला की तो आधी माझ्या उजव्या पायात जातो. मी वीस पावलं चालते, कापणीच्या टेबलापासून खिडकीपर्यंत दहा आणि परत दहा, आणि सांगते: इथे चावतो, इथे सैल आहे, इथे घोट्याला घासतो. मी "बसला" म्हटल्याशिवाय तो नमुना पुढे सरकत नाही. बाकीचे सगळे नंबर माझ्यावरून वाढवतात नाहीतर कमी करतात. बाकी दिवसभर मी इतर तीस जणींसारखी मशीनवर वाकून शिवते, पण त्या वीस पावलांपुरती मी मशीनवरची बाई नसते. मालकसुद्धा गप्प उभे राहतात. घरी मी बोलले तर कुणी वर बघत नाही, बसमध्ये बोलले तर लोक म्हणतात बाई भांडखोर आहे, पण तिथे माझं "चावतो" हे शेवटचं असतं. या शहरात रस्त्यावरून टकटक करत जाणारी कुठलीही बाई बघितली की मी आधी खाली बघते, आणि आमचा बूट असला तर मनात म्हणते, चालला माझा पाय. मोठ्या गाड्यांतून उतरतो माझा पाय. ज्या इमारतींत मला पहारेकरी विचारेल की कुणाकडे जायचंय, तिथे माझा पाय न विचारता वर जातो. मी स्वतः रबरी चपला घालते. नमुना फक्त उजव्या पायाचा करतात, त्यामुळे चोरून नेला तरी उपयोग नाही. मालक मूर्ख नाहीत.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याच्या खांद्यावर भार देऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर टेबलापलीकडे, मी अलीकडे, पाय टेबलाखाली. तो म्हणाला, "बोटं हलतात?" मी म्हटलं, "हलतात." तो म्हणाला, "मग हाड शाबूत आहे. मुरगळलंय." पाय टेबलाखाली होता आणि निदान टेबलावर झालं. पट्टी, गोळ्या, चार दिवस आराम, पुढचा पेशंट. चिडले नाही मी, कारण हेच मला दिवसभरात अकरा जणांनी फुकट सांगितलं होतं. बोटं हलली की हाड मोडलेलं नसतं, हे कुणी कुणाला शिकवलं देव जाणे, पण जिन्यातल्या शेजारणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. अहो, बोटं हलवणाऱ्या दोऱ्या टाचेच्या बाजूने जातात, टाचेला विचारून जात नाहीत. पण हे मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं. मी घरी आले, पाय उशीवर ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "मुरगळलंय." तो म्हणाला, "तेल लावून चोळून देऊ?" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि त्याने पाय चोळायचं पहिल्यांदा विचारलं, तेही अशा दिवशी. मी त्याला बोट लावू दिलं नाही. आज वाटतं, माझ्या आयुष्यातला तो एक शहाणपणाचा निर्णय.

दुसऱ्या दिवशी खरं निदान सासूबाईंनी केलं. त्यांची पाठ इतकी वाकलीय की घरातल्या माणसांना त्या पायांवरून ओळखतात. वॉकर ढकलत माझ्या पलंगाच्या पायथ्याशी आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, तुझा तळवा वांग्यासारखा झालाय."

मी म्हटलं, "आई, घोटा म्हणायचंय का तुम्हाला?"

"घोटा मला कळतो. मी तळवा म्हणतेय. मधोमध जांभळा झालाय. मुरगळलेल्याचा तळवा कशाला जांभळा होईल? मुरगळलं की कडेला सुजतं. हे रक्त खालून आलंय."

नवऱ्याने आरसा धरला. तळव्याच्या मध्यावर, जिथे पाय जमिनीलाही टेकत नाही, तिथे काळंजांभळं डबकं साचलं होतं. मी बराच वेळ त्या आरशात बघत राहिले. आणि मला मास्तर आठवले, बावीस वर्षांपूर्वीचे. मी शिलाईच्या कामासाठी आले होते आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायाकडे बघून म्हणाले, "बाई, जरा कागदावर पाय ठेवता का?" मग त्यांनी गुडघे टेकून पेन्सिल माझ्या पायाभोवती फिरवली. गुदगुल्या झाल्या, हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी माझी आई म्हणायची, "पाय केवढे वाढवलेस, घर खाशील." भावाचे जुने बूट मी पुढे कागद कोंबून घालायचे. तो पाय एक परका माणूस कागदावर असा उतरवून घेत होता, जसा काही तो कुठल्या तरी राजवाड्याचा नकाशा होता. शेवटी ते म्हणाले, "टाच बघा काय सुरेख आहे. अरुंद, उंच, कुठे फुगवटा नाही. टाच धरली की बूट धरतो." माझ्यातल्या कुठल्याही गोष्टीला कुणी सुरेख म्हटल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी ते वाक्य जपून ठेवलंय, ते टाचेबद्दल असलं तरी.

मी नवऱ्याला म्हटलं, "माझ्या पिशवीतली पकड काढा." फर्म्याची रुंदी मोजायची ती लोखंडी पकड, दोन जबड्यांची, घरी आणायची नसते पण माझ्या पिशवीत असते. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्यावर बूट चढवतात. आमचा सदतीसचा फर्मा माझ्याच पायावरून कोरलेला. डावी टाच मोजली. मग उजवी. सूज असणारच, ती मी धरून चालले होते. पण सूज बोटाला दबते, ही रुंदी दबत नव्हती. आणि जबडे दोन्ही बाजूंनी टाचेला जरासे टेकले, नुसते टेकले, तर मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं. बाजूने दाबल्यावर दुखतंय, टाच रुंद झालीय, खचून बुटकीही झालीय. मी नवऱ्याला सांगितलं, "मोडलीय. फर्मा फुटलाय." आणि हे म्हणताना मला पायाची भीती वाटली नाही. पाय काय, दुखेल आणि राहील. भीती वाटली ती त्या बेअब्रू रुंदीची. टाच अशीच रुंद जुळली तर मी सदतीस राहणार नाही. काय होईन तेही कळणार नाही, कारण तसा नंबर नसतो.

नवऱ्याने कारखान्यात फोन लावला. फोन मास्तरांनी घेतला. मला पलंगावरून दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, मास्तर ओरडूनच बोलतात.

"अहो मास्तर, तिची टाच मोडलीय."

"मग पाठवून द्या. ठोकून देतो."

"ठोकून? अहो, पायातली टाच!"

"पायातलीच म्हणतोय मी. डोक्यात कुणी टाच घालतं का? दोन इंची की अडीच?"

"मास्तर, हाड! हाड मोडलंय तिचं!"

मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "उजवी?" नवरा म्हणाला, "उजवी." आणि पलीकडे तो माणूस कशावर तरी मटकन बसल्याचा आवाज आला. माझं काय झालं असं त्यांनी विचारलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. मीही स्वतःला तेच विचारत होते. उजवी?

मोठ्या इस्पितळात हाडांची डॉक्टर बाई होती, माझ्याहून बरीच लहान, केस मुलासारखे कापलेले. ती खुर्चीवर बसलीच नाही. गुडघ्यावर बसून दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून मागून बघत राहिली, मग तळवा बघितला, मग अचानक माझ्या कमरेचे मणके दाबायला लागली. मी म्हटलं, "बाई, दुखतंय खाली." ती म्हणाली, "उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाची कंबर बघावीच लागते. हिसका वर जातो. इथे दुखतं? इथे?" दुखत नव्हतं. मग फोटो काढले, बाजूने एक, मागून एक, आणि त्यानंतर त्या गोल यंत्रात घालून आणखी. पडद्यावर माझी टाच आली. तिने पेनाने दाखवलं: टाचेचं हाड वरून टणक आणि आतून पावासारखं जाळीदार असतं, वरचं हाड त्याच्यावर हातोडीसारखं आदळलं की ते खाली बसतं आणि बाजूंनी फुगतं. मी म्हटलं, "म्हणजे पावावर बसल्यासारखं." ती म्हणाली, "अगदी." मग मी विचारलं, "किती मिलिमीटर फुगलंय?" तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बारा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात चालता येईल का."

"चालता येईलच हो. सगळेच चालतात. माझ्या टाचेवर एक नंबर उभा आहे."

तिला सगळं सांगावं लागलं. तिने मध्येच हसू दाबलं, पण ऐकलं. मग म्हणाली की ऑपरेशन करून बाहेरच्या बाजूने पट्टी आणि स्क्रू बसवता येतील, रुंदी बरीच आत आणता येईल, पण तंतोतंत पहिल्यासारखी टाच कुणीच देऊ शकत नाही, आणि तसं वचन देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. मी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, मास्तरांना सांगा, सदतीसचा फर्मा घेऊन या." मास्तर स्वतः आले, फर्मा मऊ कापडात गुंडाळून, आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून हात जोडून म्हणाले, "ह्याच्याएवढी करून द्या." तिने तो ठोकळा हातात घेतला, मागून बघितला, अंगठा फिरवला. म्हणाली, "आम्ही दुसऱ्या पायाच्या फोटोवरून अंदाज घेतो. हे कुणी आणून दिलं नव्हतं. ह्याच्या जवळ आणते. पण हाड म्हणजे लाकूड नाही."

मास्तर म्हणाले, "लाकूडही ऐकत नाही हो नेहमी."

मग तिने कागद ओढला आणि प्रश्न सुरू केले. साखर? नाही. रक्तदाब? नाही. सिगारेट? आता नवरा शेजारी उभा, सासूबाई खुर्चीत, मास्तर दारात. मी म्हटलं, "नाही." तिने पेन थांबवलं. "खरं सांगा. टाचेवरची कातडी पातळ असते. सिगारेट ओढणाऱ्यांची जखम उघडते आणि मग महिनोन्महिने भरत नाही. मग रुंदी राहू द्या, पाय वाचवत बसावं लागेल."

मी म्हटलं, "दोन. दिवसाला. मागच्या जिन्यात." आणि मास्तर छताकडे बघायला लागले, कारण त्यातली एक त्यांची असते.

नवरा म्हणाला, "बावीस वर्षं मी समजत होतो तो कारखान्यातल्या गोंदाचा वास आहे!"

सासूबाई म्हणाल्या, "गोंद म्हणे. मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. तुझं नाक बापावर गेलंय."

त्या दिवसापासून मी सिगारेट सोडली. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराला जे जमलं नसतं ते एका टाचेने केलं. आणि ऑपरेशन? लगेच नाही. पाय फुग्यासारखा तट्ट होता, अशा कातडीला चिरलं तर ती पुन्हा मिटत नाही. डॉक्टरबाई म्हणाली, "सूज उतरू द्या. टाचेच्या बाजूला सुरकुत्या पडल्या की मला फोन करा." सुरकुत्या! मी एकावन्न वर्षांची बाई. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठी मी लपवून मलम आणलंय. आणि आता आम्ही तिघं रोज सकाळी माझ्या पायाभोवती बसून एका सुरकुतीची वाट बघत होतो. पाय उशांच्या डोंगरावर, छातीच्या वर, त्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. नवरा चष्मा लावून बघायचा आणि म्हणायचा, "एक दिसतेय असं वाटतं." सासूबाई म्हणायच्या, "ती उशीची घडी आहे. सुरकुती काय ते मला विचारा." अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी बोटाने कातडी हलकेच लोटली आणि तिच्यावर बारीक रेषांची जाळी उठली. सासूबाई आनंदाने ओरडल्या, "आली गं बाई, आली! माझ्यासारखी झालीस!" इतकं कौतुक मी त्या घरात पहिल्यांदा सून म्हणून आले तेव्हाही मला मिळालं नव्हतं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कमरेखाली मी नव्हतेच, आणि कमरेवर मला कुणी विचारत नव्हतं. एवढंच आठवतं की कापडाच्या पडद्यापलीकडून हातोडीचा आवाज येत होता, ठक, ठक, थांबून, पुन्हा ठक, आणि मला वाटलं मी कारखान्यातच आहे, मला झोप लागलीय आणि मास्तर ओरडणार आहेत. त्यानंतर दहा आठवडे उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही. नुसता टेकवायचाही नाही. माणसाचा पाय जमिनीवाचून किती कावराबावरा होतो हे मला कळलं. पहाटे अर्धवट जागेपणी तो आपोआप पलंगाखाली उतरायला निघायचा, घरच्या कुत्र्यासारखा, आणि मी त्याला हाक मारून परत वर घ्यायचे. जखम सुकल्यावर घोटा वरखाली, गोलगोल फिरवायचा, दिवसातून कितीतरी वेळा, नाहीतर सांधा गंजतो. आणि मला सासूबाईंचा वॉकर वापरावा लागला. घरात वॉकर एक, पांगळ्या दोन. आम्ही पाळ्या लावल्या. मी सात वर्षं त्यांना म्हणत आलेय, "आई, चला ना लवकर," मनात तर त्याहून वाईट. आता त्या खुर्चीत बसून मला शिकवत होत्या, "आधी वॉकर पुढे. मग हातांवर भार. मग चांगला पाय उडी मारून. घाई कुणाची आहे? गाडी चुकतेय का तुझी?" स्वयंपाकघरापर्यंत जायला चौदा उड्या लागायच्या. तेराव्या उडीला हात थरथरायचे. एकदा मी मधेच थांबले, घामाने डबडबलेली, आणि म्हटलं, "आई, तुम्हाला रोज असंच होतं?" त्या म्हणाल्या, "तू आत्ता विचारलंस." एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातव्या आठवड्यात मास्तर भेटायला आले, आणि कारखान्याची बातमी घेऊन आले. मालकांनी माझ्या जागी नमुना घालायला आपल्या मेहुणीला आणलं होतं. तिचाही पाय सदतीस.

"कशी आहे?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"पाय चांगला आहे," मास्तर म्हणाले. "तोंड वाईट आहे. म्हणजे दिसायला नाही. काहीही घातलं की म्हणते 'अय्या, छान!' मी मुद्दाम आत एक टोचरा खिळा ठेवून बघितला. मालकांकडे बघून म्हणते 'छानच आहे, भावजी!' तीनशे जोड दुकानांतून परत आले. पुढून चावतात म्हणे."

मी हसले, मोठ्याने हसले, आणि हसता हसता पोटात काहीतरी गोड गरम पसरलं. ते सुख होतं, लपवत नाही. पण मास्तरांनी पिशवीतून टेप काढली. "डावा बघू." मला कळेना. ते म्हणाले, "वेड्यांच्या बाजारात राहतो आपण. उजवा मोडला म्हणून सगळे रडतोय. तुला दुसरा पाय आहे की नाही?" बावीस वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्यांनी डावा पाय कागदावर घेतला, पेन्सिल फिरवली, टेप लावली, पुन्हा लावली. मग टेपची गुंडाळी करत म्हणाले, "साडेछत्तीस."

"म्हणजे इतकी वर्षं डाव्या पायातला बूट..."

"तुला सैल झाला असता. तू कधी घातलाच नाहीस, म्हणून कळलं नाही." आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो, पण ह्या वेळी मास्तर आधी थांबले.

ते गेल्यावर मी पकड काढली. सूज गेली होती, वण गुलाबी झाला होता, आता जे होतं ते हाडच होतं. फर्म्याची टाच बासष्ट. माझी पासष्ट. डॉक्टरबाईने शब्द पाळला होता, सत्तरीच्या पुढे गेलेली टाच तिने पासष्टवर आणून ठेवली होती, कुणीही म्हणेल कमाल केली. तीन मिलिमीटर. एका नाण्याची जाडी म्हणा, दोन नाण्यांची म्हणा. ह्या जगात कुणालाही तीन मिलिमीटरांनी फरक पडत नाही, फक्त बुटाला पडतो. त्यानंतर मी जे केलं ते सांगते. भार टाकायची परवानगी मिळाली, आधी थोडा, मग निम्मा, मग पूर्ण, दोन काठ्यांवरून एका काठीवर आले, आणि घरात कुणी नसताना मी शेजारणीकडून मागून आणलेला आमचाच एक सदतीसचा बूट घालायचा सराव केला. टाचेला साबण लावून. दात दाबून. आरशात बघून, की चेहऱ्यावर काही दिसतं का. दिसायचं. मग मी चेहऱ्याचा सराव केला. चार दिवसांत मला असा चेहरा जमला की कुणी पायात विंचू सोडला असता तरी कळलं नसतं. मी मेहुणीला हसले होते आणि घरी बसून मेहुणी व्हायला शिकत होते.

कारखान्यात गेले त्या दिवशी मशीनं थांबली. बाया उभ्या राहिल्या, कुणी हात धरला, कुणी म्हणाली बारीक झालीस, कुणी म्हणाली जाड झालीस. मालक आतून आले, त्यांच्या मागे मेहुणी, गोड बाई, मला खुर्ची सरकवून दिली. टेबलावर नवा नमुना होता, बंद बूट, तपकिरी, कमी टाचेचा. मालक म्हणाले, "आली का आमची सदतीस! घाला बघू, बाकीचं नंतर." त्यांच्या आवाजात इतका भरवसा होता की मला त्यांची दया आली, आणि मला मालकांची दया क्वचितच येते.

मास्तरांनी बूट चढवला. त्यांच्या बोटांना कळलंच असणार, टाच आत जाताना अडली, पण ते काही बोलले नाहीत, वर बघितलंही नाही. मी काठी टेबलाला टेकवली आणि चालायला लागले. एक. दोन. बाहेरच्या बाजूला, वणाच्या खाली, बुटाने दात लावले. चेहरा जागेवर होता. पाच. सहा. मेहुणी म्हणाली, "अय्या, किती छान चालतात!" खिडकीपर्यंत पोचले आणि वळले. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. "बसला." बावीस वर्षं म्हटलेला. अकरा. बारा. आणि तेव्हा त्या दुखण्याच्या गर्दीत मला एक परकं दुखणं ऐकू आलं. चार महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं, दुखणी ओळखत पडून राहिले होते: हाडाचं आतून बाहेर येतं, स्क्रूचं थंडीत टोचतं, वणाचं जळजळतं, सांध्याचं सकाळी. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हे पुढे होतं, अंगठ्याच्या मुळाशी, बाहेरून आत येणारं, बारीक आणि निर्लज्ज. मी जागच्या जागी थांबले.

मालक म्हणाले, "काय? बसला ना?"

"नाही," मी म्हटलं. "चावतो."

मालकांचा चेहरा उतरला. ते मास्तरांकडे बघून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "बूट चावतो की हिचा पाय?"

"दोन्ही," मी म्हटलं. "मागे माझी टाच चावते. ती तीन मिलिमीटर रुंद जुळलीय, ती आता तुमच्या कामाची नाही, मोजून सांगते. पण पुढे अंगठ्याच्या मुळाशी आतली शिवण वर आलीय. ती माझी नाही. ती तुमची आहे, आणि परत आलेल्या तीनशे जोडांतही तीच असणार."

मास्तरांनी बूट पायात असतानाच त्यात दोन बोटं घातली, चाचपलं, आणि बोटं तिथेच ठेवून डोळे मिटले. मग म्हणाले, "आहे. केसाएवढी आहे. साला, मला हाताला लागली नव्हती." आणि ते मोठमोठ्याने हसायला लागले, आणि हसता हसता शिलाईच्या बायांकडे वळून ओरडले, "पुढची पट्टी कोण शिवतंय गं?"

मालक अजून हिशेबात अडकले होते. म्हणाले, "म्हणजे पुढून तू आणि मागून ही?" त्यांनी मेहुणीकडे बोट केलं. "अर्धा अर्धा पाय? असं कुठे असतं का?"

मेहुणी लाजून म्हणाली, "मला खरं तर तो खिळा लागला होता हो, भावजी. पण तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तिच्या टाचेला मी बोलायला शिकवते," मी म्हटलं. "तुम्ही बाजूला व्हा. माझी आठ पावलं राहिलीत."